सायली, ग्राफिक्स कार्डाबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

ग्राफिक्स कार्ड बदलायचंय म्हणून तू पाठवलेली तिन्ही कार्डांची यादी बघितली. पैशाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहणार नाही. कार्ड खरंच लागणार असेल तर पैसे मी देतो. स्टुडिओत शूटिंगच्या सीझनचे ॲडव्हान्स आलेत, आईशीही बोललोय. तेव्हा परवडतं का याचा विचार तू करू नकोस. तुझ्या ॲनिमेशन फिल्मला नेमकं काय अडतंय, एवढंच बघायचं आहे. ते फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालीस, वाड्याच्या चौकाचा सीन रेंडरला, म्हणजे पक्की चित्रं काढायला, लावला की ब्लेंडर हे तुझं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर "आउट ऑफ जीपीयू मेमरी", म्हणजे कार्डाची मेमरी संपली, असं सांगून थांबतं. तुझं कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, म्हणजे २०१९ सालचं, ६ जीबी मेमरीचं. कार्ड जुनं आहे हे खरं. पण हा एरर वेगाचा नाही, जागेचा आहे. आधी जागा कोण खातंय ते बघू.

टेक्श्चर म्हणजे वस्तूवर चढवायचं पोताचं चित्र. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका टेक्श्चरचे ६४ एमबी झाले. डिस्कवर ती जेपीजी फाइल पाच-सहा एमबीची दिसते, पण कार्डाच्या मेमरीत ती पूर्ण उलगडून बसते. एका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट अशी चार टेक्श्चरं, म्हणजे २५६ एमबी. आता चौक बघ: कौलं, सागवानी खांब, तुळया, दगडी जोतं, सारवलेली जमीन, वृंदावन, दिंडीदरवाजा, पितळेची घागर, कंदील. अशी १५ मटेरियलं धरली तर ३,८४० एमबी नुसत्या टेक्श्चरांचे. एकाच चॅनलचं काळं-पांढरं टेक्श्चर कमी जागा घेतं, पण ढोबळ हिशेब हाच. त्यावर भूमिती, विंडोज, दुसरा मॉनिटर आणि उघडा ठेवलेला ब्राउझर. मग ६ जीबी कुठे पुरणार?

तेच टेक्श्चर २के केलं तर १६ एमबीवर येतं, चौपट कमी. तुझी फिल्म १९२० गुणिले १०८० मध्ये निघणार आहे. कोपऱ्यातली घागर पडद्यावर शंभर-दीडशे पिक्सेलची दिसत असेल, तर तिला ४के टेक्श्चर कशाला? कॅमेरा ज्या खांबाला घासून जातो त्याला जरूर ४के ठेव. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय पॅनलमध्ये टेक्श्चर लिमिट आहे. ती २०४८ वर टाकून एक फ्रेम काढ आणि आधीच्या फ्रेमशेजारी ठेवून बघ. फरक कुठे दिसतो ते तुझ्या डोळ्यांना लगेच कळेल, आणि तेवढ्याच वस्तू परत मोठ्या कर.

कौलांबद्दल तर मला खात्री आहे. तू सुट्टीत छप्पर रचत होतीस तेव्हा मी मागे उभा होतो. शिफ्ट-डी मारून एकेक कौल पुढे ढकलत होतीस. त्यात प्रत्येक कौलाची भूमिती वेगळी साठते. ऑल्ट-डी मारलं असतं तर सगळ्यांनी एकच भूमिती वाटून घेतली असती. छपरावर हजारेक कौलं आहेत. दोन-तीन प्रकारची कौलं कर, बाकी सगळी त्यांचीच लिंक्ड प्रत. थोडी वाकडी-तिकडी फिरवलीस तर कोणाला कळणारही नाही.

हे केल्यावर मग मोज. ब्लेंडरच्या तळाच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'व्हिडिओ मेमरी' चालू कर. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू, तिथे डेडिकेटेड मेमरीचा आलेख आहे. रेंडर चालू असताना तो बघ. शेजारी सीपीयू आणि रॅमचे आकडेही लिहून ठेव, कारण तुझ्या मशीनला रॅम १६ जीबीच आहे आणि मला तिचाही संशय आहे. कार्डाची मेमरी भरली की सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन, जमेल तेवढे हातपाय मशीनच्या रॅमवर पसरतं आणि रेंडर रांगायला लागतो. रॅमही भरली तर मग मशीन हँगच.

आणि प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली कूडा निवडलेलं आहे की ऑप्टिक्स, ते बघ. कार्डावर रेंडर चालवायच्या या दोन पद्धती. दोन्हीवर एकेक फ्रेम काढून जे वेगात चालेल ते ठेव. सॅम्पल्स, म्हणजे दर पिक्सेलसाठी किती वेळा प्रकाश मोजायचा तो आकडा, मूळच्या ४०९६ वरच असतील तर ५१२ वर आण, आणि उरलेले दाणे पुसणारा डिनॉइझर लाव. ब्लेंडर ४.१ पासून ओपन इमेज डिनॉइझ हा डिनॉइझर कार्डावर चालतो आणि तुझ्या १६६० वरही चालतो. पण डिनॉइझरने सारवलेल्या जमिनीचा पोत पुसला जात नाही ना, हे मोठ्या स्क्रीनवर तपास. तिथे तडजोड करू नकोस. शेणाच्या सारवणातली ती बोटांची वळणं तू किती जीव लावून काढली आहेस.

आता कार्डाने काय होणार नाही, ते. फिल्ममधल्या आजीचं चालणं अडखळतंय, पदर नीट पडत नाही, असं तू म्हणालीस. हाडांचा रिग, जॉमेट्री नोड्स, कापडाचं सिम्युलेशन हे बहुतेक सगळं काम सीपीयूचं आहे. तुझा सीपीयू रायझन ५ ३६००, सहा कोअरचा आहे. पन्नास हजारांचं कार्ड घालूनही पदर तेवढाच वेळ घेईल. आफ्टर इफेक्ट्सच्या प्रिव्ह्यूलाही आधी रॅम लागते. आणि क्रिटामध्ये तू जी रंगचित्रं करतेस, त्यांना तर हेच कार्ड आणखी कित्येक वर्षं पुरेल.

एवढं सगळं सांगूनही माझं मत कार्ड घ्यावं असंच आहे. कारण मात्र तू दिलंस ते नाही.

तू शेवटच्या रेंडरचा हिशेब दिलास. चार मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, एकूण ५,७६० फ्रेम. फ्रेमला तीन मिनिटं लागली तर २८८ तास, म्हणजे बारा दिवस अखंड. मशीन २५० वॅट ओढत असेल तर ७२ युनिट वीज, तीही घरमालकाच्या सबमीटरच्या दराने. आकडा मोठा वाटतो, पण ही वाट बघणं एकदाच आहे आणि त्यासाठी समोर बसून राहावं लागत नाही. शीपइटसारखं मोफत रेंडर फार्म आहे, दुसऱ्यांचे रेंडर करून गुण मिळवायचे आणि आपले रेंडर त्यांच्या मशीनवर लावायचे. शेवटच्या रेंडरला वाटा पुष्कळ आहेत.

खरी अडचण मला सुट्टीत दिसली. तू कंदील उजवीकडून डावीकडे नेलास, व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करतानाचं चित्र, दाण्यादाण्याचा झाला, तू काही वेळ थांबलीस आणि कंदील परत होता तिथे ठेवलास. म्हणालीस, "राहू दे, हेच बरंय." बाळा, ते बरं नव्हतं. आजीचा चेहरा डावीकडून उजळायला हवा होता आणि ते तुलाही माहीत होतं. वाट बघायला लागते म्हणून माणूस करून बघायचंच सोडतो, आणि मग जे पहिल्यांदा सुचलं तेच शेवटपर्यंत राहतं. मी मिनी-डीव्हीच्या व्हिडिओ कॅसेटींवर मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, शिकलो. तासाची कॅसेट कॅप्चर व्हायला तासच लागायचा, त्यावर कुठल्याही कार्डाचा इलाज नव्हता. इफेक्ट लावला की रेंडर होईपर्यंत दिसायचा नाही. त्या काळात आम्ही सगळेच एकसारखी मिक्सिंग करायचो, कारण दुसरं काही करून बघायची कोणाची हिंमतच व्हायची नाही. तुझ्या वाट्याला ते येऊ नये.

१६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचे वेगळे कोअर नाहीत. आरटीएक्सच्या कुठल्याही कार्डात ते आहेत, आणि ऑप्टिक्सवर सायकल्स चालवताना प्रकाशाच्या किरणांचं गणित तेच उचलतात. दाणे झटकन विरतात, चित्र लगेच बसतं. कंदील चार ठिकाणी ठेवून बघता येतो. एवढ्यासाठी मी पैसे द्यायला तयार आहे.

आता कुठलं. तुझ्या यादीत वर आरटीएक्स ५०७० आहे. वेगाने ते सरस आहे, पण मेमरी १२ जीबी. मी ५०६० टीआय घेईन, पण १६ जीबीचंच. हे नीट ऐक, कारण त्याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं आणि दुकानदार खोक्यावरचं नाव दाखवून तेच गळ्यात मारतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन्ही आली तेव्हा जाहीर किमतीत फरक फक्त ५० डॉलरचा होता. शिवाय ते कार्ड आठ लेनचं, म्हणजे डेटा ये-जा करायच्या आठच वाटांचं, आहे आणि तुझ्या बी४५० बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.०. एकदा सीन कार्डात चढला की रेंडरला याने फारसा फरक पडत नाही, पण मेमरी भरून डेटा ये-जा करायला लागला की ८ जीबीवाल्याचे हाल होतात. कार्ड थोडं हळू असलं तर रेंडर उशिरा होतो. मेमरी पारच कमी पडली तर होतच नाही.

एएमडी कंपनीचं रेडिऑन १६ जीबी कार्ड स्वस्त मिळतं, मला माहीत आहे. ब्लेंडर त्यावर चालतंही. पण सायकल्समध्ये आरटीएक्स पुढे आहे आणि तुझं निम्मं आयुष्य सायकल्समध्ये जातं.

माझाही एक स्वार्थ सांगतो. स्टुडिओचा नवा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ रेकॉर्ड करतो, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारा पण उलगडायला जड व्हिडिओ. ५० सीरिजच्या (५०६०, ५०७० वगैरे) आधीच्या जीफोर्स कार्डांना ते हार्डवेअरवर डीकोड करता येत नाही आणि तुझ्या रायझनला आतलं ग्राफिक्सही नाही. म्हणून मे महिन्यात तू मिक्सिंगला बसलीस की टाइमलाइन धक्के खाते आणि आधी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करत बसावं लागतं. ५० सीरिज ते सरळ उचलते. या एका कारणाने मी जुन्या सीरिजचं १२ जीबी ३०६० नको म्हणतोय, नाहीतर कमी पैशात तेही चांगलं होतं.

सेकंडहँड घेऊ नकोस. तुझ्या मित्राने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातली जुन्या कार्डांची गोष्ट सांगितली असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं करून नाणी मिळवणं, बंद झालं तेव्हा महिनोन्महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली, आणि त्यातली अजून हातोहाती फिरतायत. नवं घे, वॉरंटीचं, आणि बिल आपल्या स्टुडिओच्या जीएसटी नंबरवर कर.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलावा लागेल. तुझा ४५० वॅटचा आहे, ५०६० टीआयसाठी कंपनीच ६०० सांगते. ६५० चा चांगला, ८० प्लस ब्राँझ घे, त्यात काटकसर नको. कॅबिनेटमध्ये स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेपने मोज आणि कार्डाची लांबी बघूनच ऑर्डर दे. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस खरं म्हणजे ३६० वॅटच्या आसपासच झेपवतो, भर रेंडरमध्ये वीज गेली तर टिकेलच असं नाही. म्हणून फिल्म सरळ एमपी४ मध्ये कधीच रेंडर करू नकोस. फ्रेम सुट्या काढ, पीएनजी किंवा ईएक्सआर. मशीन बंद पडलं तरी पुढच्या फ्रेमपासून चालू करता येतं.

रॅमचे अजून दोन ८ जीबीचे मॉड्यूल टाकून ३२ कर. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव चढलेत, आता उतरतील म्हणून थांबण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्हीला मिळून पैसे फारच वाढले तर आधी रॅम, कार्ड दिवाळीनंतर.

तेव्हा असं कर. टेक्श्चरं आणि कौलं आवरून चौकाची एक फ्रेम काढ, तिच्यासोबत मेमरीचे आकडे मला पाठव. ६ जीबीत सगळं आरामात बसून कंदीलही भराभर हलायला लागला तर घाई नाही. नाही बसलं तर त्याच दिवशी पैसे टाकतो. आणि जुनं कार्ड विकू नकोस. स्टुडिओतल्या अल्बमच्या मशीनमध्ये ते घालू, काकाला एच.२६४ एक्सपोर्टसाठी ते उत्तम आहे.

आईने लाडू केलेत, शनिवारी मावशीबरोबर पाठवते आहे. मेसचं जेवण चुकवू नकोस.

तुझा,
बाबा