दोन लूफ आणि एक दुकान

प्रिय बंड्या,

गणपतीनंतर माझी एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच.

दाद्याचं तुला ठाऊकच आहे. चिंचवडला जुन्या गाड्यांचं वर्कशॉप, गिऱ्हाइकांच्या ॲडव्हान्सवर. स्टुटगार्टची नोकरी सोडून ये म्हणतो. तेव्हापासून एर्न्स्ट लूफ डोक्यातून जात नाही.

हा बीएमडब्ल्यूत ३२८ या स्पोर्ट्स कारवर काम केलेला जर्मन इंजिनिअर. युद्धानंतर आयझेनाखचा कारखाना रशियनांकडे गेला, म्युनिकमध्ये धड काही उरलं नाही. १९४७ साली लूफ, लोरेन्झ डीट्रिख आणि गेओर्ग मायर (हो, तुझाच मायर, १९३९ची आयल ऑफ मॅनची मोटरसायकल शर्यत मारणारा, दुचाकीवाल्यांना अक्कल नसते हे वाक्य मी अजूनही मागे घेत नाही) यांनी वेरिटास ही गाड्यांची कंपनी काढली. गिऱ्हाइकानं जुनी ३२८ आणायची, यांनी इंजिन सुधारून वर नवी बॉडी चढवायची. कार्ल क्लिंग त्यांच्या गाड्यांवर शर्यती मारत सुटला.

म्हणजे गाडीत खोट नव्हतीच रे, खोट गल्ल्यात! हाउसेन, मेसकिर्ख, मुगेनस्टुर्म, बिऱ्हाड हलतंच होतं. त्यात हाइन्केल या विमानवाल्या कंपनीकडून स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिन बनवून घेतलं. डीट्रिखनं पानार या फ्रेंच कंपनीच्या छोट्या इंजिनावर डायना-वेरिटास काढली, तेवढाच एक व्यवहारी विचार. १९५०ला कंपनी बुडाली. दुसरा कुणी गप्प नोकरी धरता. लूफनं नुरबुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकपाशी पुन्हा दुकान मांडलं.

१९५३च्या जर्मन ग्रां प्रीला स्वतः उतरला. सुरुवातीलाच फ्युएल पंप गेला, खेळ खलास. आपली येझदी आठवली? मी प्लग प्लग ओरडत होतो आणि तू कार्ब्युरेटर खोलून बसलास. प्लगच होता.

पुढे लूफ बीएमडब्ल्यूत परत. त्याच्या स्पोर्ट्स कारच्या डिझाइनऐवजी ग्योर्ट्स या डिझायनरची ५०७ निवडली गेली. १९५६ला गेला बिचारा.

मला लूफची भीती नाही वाटत. भीती ही, की दाद्या लूफ आणि मीही लूफच. चावी मिळाली की दोघंही बॉनेटखाली. गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स कुठल्या गाडीत गेला, हे कोण लिहून ठेवणार? मंदा म्हणते, बंड्याला विचार, आणि तो लगेच हो म्हणाला तर जाऊ नकोस.

धाकटीचं ठरलं म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

मार्चमध्ये बँकेतून सुटतोयस ना? आमच्या वह्या सांभाळशील? डीट्रिखचंही पुढे काही भलं झालं नाही, ते सोड. पगार ठरवून कळव, दाद्याला सांगतो.

तुझा,
नंदू