प्रश्न विचारल्याने जवान खचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा ‘संरक्षणाच्या विषयात राजकारण नको’ हा अग्रलेख वाचला. संसदेत लष्कराच्या खर्चावर आणि शस्त्रांवर प्रश्न विचारले की सीमेवरच्या जवानाचं मनोधैर्य खचतं, असं आपण त्यात ठामपणे लिहिलं आहे. हे कोणत्या जवानाला विचारून लिहिलंत?

मी 1987 च्या ऑक्टोबरात श्रीलंकेतल्या जाफन्यात होतो. शांतिसेना म्हणून आम्हाला पाठवलं आणि पावसाळा संपता संपता गल्लीबोळांत लढाई जुंपली. हातात एसएलआर. मैदानात ती रायफल उत्तम, पण बोळात वळताना तिची नळी भिंतीला अडायची. एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटायची आणि समोरच्या एलटीटीईच्या, म्हणजे तमिळ बंडखोरांच्या, पोरांकडे एके-47. बर्स्ट, म्हणजे गोळ्यांची सलग फैर, आला की आम्ही विहिरीच्या कठड्याआड पडून राहायचो आणि आवाज थांबायची वाट बघायचो. धड नकाशेसुद्धा नव्हते. माझ्या सेक्शनचा हवालदार तिथेच गेला. श्रीलंकेत आपले अकराशेहून जास्त जवान कामी आले. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी 29 जुलैला भारत-श्रीलंका करारावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी फौज तिकडे उतरू लागली. सैन्य परदेशात पाठवायला आपल्याकडे संसदेची संमती लागत नाही. आधी निर्णय होतो, मग सभागृहाला कळवलं जातं. आमच्या हातात काय देऊन पाठवताय, परत कधी आणणार, हे निघण्याआधी कुणी खडसावून विचारलं असतं तर आम्ही खचलो नसतो. घरचं कुणीतरी बघतंय, एवढं तरी वाटलं असतं.

‘युद्धाच्या काळात गप्प बसावं’ हेही आपलं म्हणणं. 1962 साली चीनचं सैन्य आत आलेलं असताना, 8 नोव्हेंबरपासून लोकसभेत चर्चा झाली. नेहरूंना कडक शब्द ऐकावे लागले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. तोवर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते खातं सोडावं लागलं होतं आणि त्या जागी आपले यशवंतराव चव्हाण गेले, हे सातारा जिल्ह्याला सांगायला नको.

आता अलीकडचं. मार्च 2018 मध्ये लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांची साक्ष संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात आली. आपली 68 टक्के सामग्री जुनाट, आधुनिक म्हणावी अशी फक्त 8 टक्के, आणि त्या वर्षीच्या तरतुदीने आशेवर पाणी पडलं, असं त्यांनी सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते मेजर जनरल खंडुरी, स्वतः फौजी आणि सत्ताधारी पक्षाचेच. त्याच आठवड्यात लोकसभेत गोंधळ झाला आणि गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता सगळं एकदम मताला टाकून, सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजूर झाल्या. संरक्षणाच्याही. सप्टेंबरात खंडुरींचं अध्यक्षपद गेलं. 2023 च्या मार्चमध्येही अर्थसंकल्प असाच गोंधळात, चर्चेविना पास झाला. गोंधळ घालणारे आणि त्याचा फायदा घेणारे, दोघेही मला सारखेच दोषी वाटतात.

गुप्ततेचं कारण मला पटत नाही. स्थायी समितीची बैठक बंद दाराआड होते, गुप्त ते तिथे बोला ना! पण पेन्शन किती, पगार किती, नवीन शस्त्रांना उरतं किती, यात गुप्त काय आहे? 2025-26 च्या संरक्षणाच्या 6 लाख 81 हजार कोटींतले 1 लाख 60 हजार कोटी तर पेन्शनचेच आहेत. त्यातलं मीही घेतो, म्हणून अधिकाराने बोलतोय.

त्या 2018 च्या अहवालातली पानं छापून घेऊन मी तेव्हा आमच्या खासदारांकडे गेलो होतो. बाहेर सतरंजीवर बसलो, नंबर आल्यावर आत गेलो. त्यांनी कागद उलटेसुद्धा केले नाहीत. “सुभेदारसाहेब, लष्कराचा विषय नाजूक असतो, आपण नको बोलायला. तालमीच्या शेडचं काम असेल तर सांगा.” शेजारी बसलेले हसले. नाव मी लिहीत नाही, पण मत मागायला आले तेव्हा स्टेजवर आम्हा माजी सैनिकांना फेटे बांधून पहिल्या रांगेत बसवलं होतं. फेटा नको, एक प्रश्न विचारा, एवढंच मागत होतो.

जाता जाता आपल्याही पेपरबद्दल. पूर्वी आत संसदेतल्या प्रश्नोत्तरांचा रकाना असायचा, आपल्या भागातल्या खासदाराने काय विचारलं ते त्यात कळायचं. आमच्या तालुक्याच्या आवृत्तीत तो बंद झाला आणि तिथे वाढदिवसाच्या जाहिराती येतात. दरवर्षी अर्थसंकल्पानंतर ‘संरक्षणासाठी विक्रमी तरतूद’ एवढा मथळा मात्र न चुकता असतो. तो रकाना पुन्हा सुरू करा. आणि या अधिवेशनात सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खासदारांनी संरक्षण खात्याला किती प्रश्न विचारले, ते नावानिशी छापा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, ता. कोरेगाव, जि. सातारा