भंगारातले तांबे आधी बाहेर काढा

महोदय,

भंगार हाच कच्चा माल मानून उत्पादन करण्याविषयीचा आपण छापलेला लेख वाचला. त्यातले ऊर्जाबचतीचे आकडे बरोबर आहेत. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम ५ टक्क्यांत ते भंगारातून मिळते. मात्र ‘भंगार भट्टीत टाकले की नवा धातू तयार’ हा लेखाचा सूर खटकला. धातूंच्या रासायनिक तपासणीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

भट्टी सगळी घाण जाळून टाकते, हा समज चुकीचा आहे. पोलादाच्या रसात ऑक्सिजन सोडला की सिलिकॉन, मँगनीज जळून मळीत (रसावर तरंगणाऱ्या थरात) जातात, कार्बन वायू होऊन निघून जातो, चुना घातला तर फॉस्फरसही बराचसा उतरतो. तांबे मात्र हलत नाही. ऑक्सिजनची ओढ तांब्यापेक्षा लोखंडाला जास्त. त्यामुळे तांबे जाळायला जावे तर आधी लोखंडच जळेल. एकदा रसात उतरलेले तांबे तिथेच राहते, आणि त्या पोलादाचे पुन्हा भंगार झाले की पुढच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या पुढच्या घाण्यात, त्यात आणखी भर पडते.

त्याचे परिणाम रोलिंगमध्ये, म्हणजे तापलेले पोलाद रुळांत दाबून पत्रा किंवा सळई काढताना, दिसतात. लालबुंद पोलादाच्या पृष्ठभागावरचे लोखंड गंजून पापुद्रा धरते आणि मागे उरलेले तांबे त्या पापुद्र्याखाली साठत जाते. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. रोलिंगसाठी पोलाद त्याहून जास्त तापवलेले असते. हे पातळ तांबे धातूच्या कणांच्या फटींत शिरते आणि पत्र्याला भेगा पडतात. जोडीला कथील असेल तर विचारूच नका. बांधकामाच्या सळईला सुमारे ०.४ टक्के तांबे चालून जाते, पण मोटारीच्या बॉडीचा पत्रा ०.०६ टक्क्यांच्या आसपासच अडतो. म्हणून मोटारीच्या भंगाराची सहसा सळई होते, पुन्हा मोटार होत नाही. पत्राच हवा असेल तर त्यात खनिजापासून बनवलेले स्पंज आयर्न किंवा कच्चे लोखंड घालून तांब्याचे प्रमाण खाली आणावे लागते. म्हणजे पुन्हा खाण आलीच!

हे तांबे येते कुठून? वायरिंगसकट दाबून गठ्ठा केलेल्या गाड्यांतून, आणि विजेवर फिरणाऱ्या छोट्या मोटरींतून. श्रेडरमधून, म्हणजे भंगाराचे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडलेले मुठीएवढे आर्मेचर (अशा मोटरीचा फिरणारा भाग) बघा: लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्याच्या खाचांत घट्ट गुंडाळलेली तांब्याची तार. चुंबक त्याला लोखंड समजूनच उचलतो. शेवटी भंगार वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारी उभा असलेला माणूसच ते हाताने वेचून काढतो. या माणसाचा लेखात उल्लेखही नाही, आणि मालाचा दर्जा तर तोच ठरवतो.

ॲल्युमिनियमची गत वेगळी नाही. ओतीव भागांत सिलिकॉन भरपूर असते, पत्र्यात नगण्य. दोन्ही एकत्र वितळवले की तो माल फक्त ओतकामाच्या लायकीचा उरतो. आजवर तो इंजिनांच्या ओतीव भागांत खपत आला. इंजिन नसलेल्या, विजेवरच्या गाड्या वाढल्या की काय करणार, याचा विचार आताच हवा.

सगळ्यात चीड येते ती कारखान्याच्या आतल्या ढिलाईची. लेथखाली चुरा पडतो तेव्हा तो कोणत्या ग्रेडचा आहे हे नक्की माहीत असते. संध्याकाळी झाडू फिरतो, सगळा चुरा एका पिंपात जातो आणि ती माहिती संपते. प्रत्येक ग्रेडला वेगळे पिंप ठेवायला कसले तंत्रज्ञान लागते? बाहेरून आलेल्या मालासाठी तर आता हातात धरायची एक्स-रे यंत्रे आहेत, काही सेकंदांत मिश्रधातू सांगतात.

दारावर किरणोत्सर्ग मोजणारे यंत्रही हवेच. १९८३ साली मेक्सिकोतल्या स्युदाद हुआरेझमध्ये उपचारयंत्रातला कोबाल्ट-६० भंगारात गेला आणि त्याच्या सळया झाल्या. पुढच्या वर्षी त्या घेऊन जाणारा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेजवळून गेला, तिथले यंत्र वाजले, म्हणून प्रकार उघडकीला आला.

शेवटी उत्पादनावर छापल्या जाणाऱ्या ‘पुनर्वापरित धातू’च्या टक्केवारीबद्दल. कारखान्यातल्या स्वच्छ कात्रणांना गिऱ्हाईक नेहमीच होते. ती मोजून टक्केवारी फुगवण्यात काय पराक्रम? वापरून टाकलेल्या वस्तूंमधून आलेला धातू किती, हा आकडा वेगळा छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे. आणि भंगाराचा भाव ठरवताना वजनाबरोबर त्यातल्या तांब्याचे प्रमाणही धरावे. वेचणाऱ्याची मजुरी त्यातूनच सुटेल.

– एक वाचक