‘उजव्या विचारांचा जज’ म्हणून नेमकं काय कळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी कुणाचंही नाव पुढे आलं की आपल्याकडच्या पेपरांतली बातमी ठरलेली असते. अमक्या प्रेसिडेंटने उजव्या विचारांचा जज दिला, आता कोर्टात उजव्यांचं पारडं जड, संपली बातमी. तुमचा पेपरही त्यातलाच, रागावू नका. मी काही वकील नाही पण तिकडचे निकाल वाचायचा नाद आहे, नेटवर सगळे फुकट मिळतात, आणि वाचत गेलं की हे ‘उजवा’ लेबल फार तोकडं वाटायला लागतं. उदाहरण म्हणून एकच माणूस घेतो, तिथल्या सुप्रीम कोर्टाचे जज नील गोर्सच.

हे त्याच कोर्टातले जज स्कालिया यांच्या जागेवर आले. स्कालिया फेब्रुवारी 2016 मध्ये गेले, ओबामांनी गार्लंड यांचं नाव दिलं, रिपब्लिकन सिनेटने त्यांची साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही, मग ट्रम्प आले आणि जानेवारी 2017 मध्ये गोर्सच यांचं नाव जाहीर झालं. डेमोक्रॅट्सनी अडवून धरलं तर रिपब्लिकननी 60 मतांची अटच काढून टाकली आणि 54 विरुद्ध 45 ने पास. हा तमाशा सगळ्यांनी छापला होता. पण हाच माणूस 2006 मध्ये अपील कोर्टावर गेला तेव्हा सिनेटने आवाजी मतदानाने मंजूर केला होता, ते क्वचितच कुणी लिहिलं.

बॅकग्राउंड तर एखाद्या नाटकात शोभेल असं आहे. जन्म 1967, डेन्व्हरचा. आई अ‍ॅन गोर्सच ही रेगन यांच्या काळात पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची पहिली महिला प्रमुख, आणि 1983 मध्ये वादातच राजीनामा द्यावा लागलेली. मुलगा कोलंबिया, हार्वर्ड लॉ, पुढे ऑक्सफर्डला जॉन फिनिस यांच्या हाताखाली डॉक्टरेट, विषय इच्छामरणात डॉक्टरने मदत करावी की नाही, आणि त्यांचं उत्तर ठामपणे ‘करू नये’. सुप्रीम कोर्टात बायरन व्हाइट आणि केनेडी या जजेसकडे क्लर्कशिप, म्हणजे जजचा कायदेशीर मदतनीस म्हणून काम. नंतर ज्या केनेडींकडे क्लर्क होते त्यांच्याच शेजारी जज म्हणून बसले.

आता विचारसरणी. हे टेक्सच्युअलिस्ट, म्हणजे कायद्यात जो शब्द लिहिलाय त्याचा तो कायदा झाला तेव्हा साधा अर्थ काय होता तेवढंच बघायचं, कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं किंवा निकाल लागल्यावर कुणाचं भलं होईल ते बघायचं नाही. ऐकायला एकदम स्वच्छ. पण ट्रकवाल्याची केस घ्या. 2009 चा जानेवारी, इलिनॉयमधली कडाक्याची थंडी, ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनमधला हीटर बंद, ड्रायव्हरचे पाय बधिर झालेले, आणि कंपनी म्हणतेय की एक तर ट्रेलर ओढत ने नाहीतर आहेस तिथेच थांब. त्याने ट्रेलर सोडला आणि नुसता ट्रक घेऊन निघून गेला. नोकरी गेली. कायदा असा की धोकादायक गाडी चालवायला नकार दिला म्हणून कामावरून काढता येत नाही. गोर्सच तेव्हा अपील कोर्टात, तिथे बाकीच्या दोन जजेसनी ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला. गोर्सच एकटे उलट, का तर कायद्यात ‘चालवायला नकार’ असं आहे आणि याने तर चालवली!! सिनेटच्या सुनावणीत सिनेटर अल फ्रँकन यांनी यावरूनच त्यांना धारेवर धरलं, फ्रँकन आधी विनोदी कलाकार होते, त्यामुळे हास्यास्पद गोष्ट आपल्याला लगेच ओळखता येते असं त्यांनी तिथेच सुनावलं.

त्याहून वाईट दिवस 22 मार्च 2017 चा. ऑटिझम असलेल्या मुलाच्या शिक्षणाच्या एका केसमध्ये गोर्सच यांनी 2008 मध्ये लिहिलं होतं की शाळेने नाममात्रापेक्षा थोडा जास्त फायदा करून दिला की बास. तोच निकष सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये 8 विरुद्ध 0 ने मोडीत काढला, आणि तो निकाल आला यांची सुनावणी चालू असतानाच! आमच्या कोर्टाचा जुना निकाल माझ्यावर बंधनकारक होता, हे त्यांचं उत्तर.

इथपर्यंत वाचून वाटेल की लेबल बरोबरच आहे. मलाही वाटलं होतं. मग 2020 आलं. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीत ‘लिंगावरून’ भेदभाव नको असं आहे, आणि गे किंवा ट्रान्सजेंडर म्हणून कुणाला काढलं तर तो लिंगावरून भेदभाव झाला का हा प्रश्न. गोर्सच यांनी स्वतः निकाल लिहिला, हो झाला. कारण पुरुषावर प्रेम करणाऱ्या बाईला ठेवता आणि पुरुषाला काढता, म्हणजे त्याचं लिंगच बघितलंत ना. ट्रकवाल्याला बाहेर ठेवणारी पद्धत तीच, 1964 मध्ये हे कुणाच्या मनात नव्हतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि सुप्रीम कोर्टातलेच दुसरे जज अलिटो, तेही त्याच गोटातले, इतके चिडले की या निकालाला टेक्सच्युअलिझमचा झेंडा लावलेलं चाच्यांचं जहाज म्हणाले. त्याच वर्षी ओक्लाहोमाच्या केसमध्ये चार लिबरल जजेसना सोबत घेऊन गोर्सच यांनी लिहिलं की क्रीक या मूळनिवासी जमातीला एकोणिसाव्या शतकात करार करून दिलेली जमीन काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, कधी रीतसर काढून घेतलीच नाही, म्हणून ती अजून रिझर्व्हेशनच, म्हणजे जमातीसाठी राखलेला प्रदेश. टल्सा शहराचा बराचसा भाग त्यात येतो.

तरी मी काही त्यांचा फॅन झालो नाही. एकाच कायद्यातला तोच शब्द वाचून गोर्सच एकीकडे आणि अलिटो दुसरीकडे जाणार असतील तर ‘मी फक्त शब्द वाचतो’ यात फार दम नाही, कुठल्या शब्दावर बोट ठेवायचं ते शेवटी जजच ठरवतो. ट्रकच्या केसमध्ये त्यांनी ‘चालवणे’ वर बोट ठेवलं, ‘नकार’ वर ठेवलं असतं तर? कंपनीने सांगितलं तशी गाडी न्यायला त्याने नकारच दिला होता की. आणि 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा जुना ‘रो’ निकाल रद्द झाला तेव्हा हे बहुमतातच होते, तिथे कुणाला धक्का बसला नाही.

अजून एक, हे तुम्ही छापायलाच हवं होतं. 1984 चा शेव्हरॉन निकाल, कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानावा असा, तो मुळात ईपीएच्या 1981 च्या एका नियमावरून आला. तेव्हा ईपीएची प्रमुख कोण, तर अ‍ॅन गोर्सच. खालच्या कोर्टात केसच्या नावातच ‘गोर्सच’ होतं, आणि तिथे तो नियम रद्द करणारा निकाल रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला होता. सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि आईच्या खात्याची बाजू उचलून धरली. त्यातूनच निघालेलं तत्त्व 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडून टाकलं, आणि त्यासाठी अपील कोर्टात असल्यापासून मागे लागलेला, बहुमताला दुजोरा देणारं स्वतंत्र मत लिहिणारा जज म्हणजे तिचा मुलगा.

तर पुढच्या वेळी कुणी नवीन नाव आलं की कुणी नेमलं ते एका ओळीत सांगा, आणि त्या माणसाचे दोन जुने निकाल, एक पटणारा एक न पटणारा, जरा सविस्तर द्या. जागा नसेल तर तो हसऱ्या फॅमिलीचा व्हाइट हाऊसमधला फोटो लहान करा.

आपला,
एक जुना वाचक