पोराला ओरडायच्या आधी हे वाच

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू बोललास ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो, तुकड्या-तुकड्यात व्हॉट्सअ‍ॅप केलं असतं तर तू मध्येच अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. पोरगं म्हणतंय मी गेम्सवर लिहीन, रिव्ह्यू करीन, आणि तू मला विचारलंस की गेम खेळून त्यावर लिहिणं हा काय कामधंदा आहे का. मी तेव्हा हसलो पण नंतर मला बिल कंकेल आठवला, अमेरिकेत गेम्सवर लिहिणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक. नाव ऐकलं नसशील, मीही उशिराच ऐकलं.

हा न्यूयॉर्कचा माणूस, जन्म १९५०चा. याने आधी काय काय केलं बघ. मार्व्हल आणि डीसीला कॉमिक्स लिहून दिले, रिची रिचच्या गोष्टी लिहिल्या, आणि कुस्तीच्या मासिकांसाठी रिंगच्या कडेला उभा राहून फोटो काढले, म्हणजे ती टीव्हीवरची ठरवून केलेली कुस्ती रे, आपल्या तालमीतली नाही. तुझ्यासारख्या बापाने डोक्याला हात लावावा असाच बायोडेटा. पण मला वाटतं तिथेच त्याला एक सवय लागली असणार, समोर तमाशा चाललाय हे माहीत असूनही तो मन लावून बघायचा आणि चांगला झाला की वाईट ते सांगायचं.

१९७९च्या सुमारास तो आणि त्याचा दोस्त आर्नी कॅट्झ यांनी 'व्हिडिओ' नावाच्या मासिकात गेम्सवर कॉलम सुरू केला, पुढे आर्नीची बायको जॉइस वर्लीही त्यांच्यात आली. मासिक व्हीसीआर वगैरेचं, त्यात यांचा एक कोपरा. आर्नी तर सुरुवातीला टोपणनावाने लिहायचा! १९८०ला त्यांनी वर्षाच्या चांगल्या गेम्सना बक्षिसंही द्यायला सुरुवात केली, म्हणजे हा धंदा धड उभा राहायच्या आधीच त्याचा पुरस्कार सोहळा तयार. आणि मग १९८१च्या हिवाळ्यात 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' काढलं, फक्त व्हिडिओ गेम्सचं अमेरिकेतलं पहिलं मासिक. त्याच सुमारास ब्रिटनमध्येही एक निघालं होतं, पण यांनी काही कुणाचं बघून केलेलं नव्हतं.

आता विचार कर, लिहायचं काय? सिनेमाला कथा असते, नट असतात, गाणी असतात. इथे काळ्या पडद्यावर दोन चौकोन आणि एक ठिपका. त्याला चांगलं म्हणायचं तर कशामुळे? जॉयस्टिक हाताला कशी लागते, हरलो तर पुन्हा खेळावंसं वाटतं का, दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो का, हे सगळं मांडायला शब्दच नव्हते, ते यांना घडवावे लागले. 'प्ले मेकॅनिक्स', म्हणजे गेम कसा खेळला जातो त्याची रचना, हा शब्द यांच्याच नावावर सांगतात. तुझं पोरगं आज 'मेकॅनिक्स भारी आहेत' म्हणतं ना, ते तिथून आलंय.

फोटोंची तर त्या काळी वेगळीच गंमत. स्क्रीनशॉटचं बटण कुठलं रे. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा स्टँडवर, एक जण खेळतोय आणि दुसरा क्लिक करतोय, आणि टीव्हीचं चित्र ओळीओळीने रंगतं त्यामुळे शटर फार जलद ठेवलं तर फोटोत काळा पट्टा येणार आणि सावकाश ठेवलं तर हलणारं यान पुसट होणार. नेमका क्षण येईपर्यंत खेळणाऱ्याने मरायचं नाही!

कंकेल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, 'गेम डॉक्टर' म्हणून. ते नाव त्याला आयुष्यभर चिकटलं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते पुढचं. मासिक चालायचं जाहिरातींवर आणि जाहिराती कुणाच्या, तर ज्यांच्या गेम्सचे हे रिव्ह्यू लिहिणार त्यांच्याच. ही गोची मला कळते रे, मी नाही का एका पेपरच्या पुरवणीत मोबाइलवर लिहायचो, एका हँडसेटची बॅटरी टिकत नाही एवढंच लिहिलं तर जाहिरात विभागातून फोन आला की 'जरा मवाळ करा सर'. केलं मी मवाळ. अजून लाज वाटते. आणि यांची तर सगळी झाडंच एका बागेतली. १९८३ला अमेरिकेत गेमचा बाजार धाडकन कोसळला, एकट्या अटारी या गेम कंपनीने त्या वर्षी ५० कोटी डॉलरहून जास्त घालवले, न खपलेल्या गेमच्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत खड्डा खणून पुरल्या. कंपन्याच गेल्या तर जाहिराती कोण देणार. १९८५ला नाव बदलून मासिक संपलं.

म्हणजे तू म्हणतोस ते खोटं नाहीये. चार वर्षांत सगळं आडवं.

पण तो बसला नाही घरी. त्याच तिघांनी मिळून गेम्स डिझाइन करायला घेतले, त्यात कुस्तीचाही एक (जुनं वेड जातंय कुठे). कोर्टात कोणी कोणाचा गेम चोरला यावर साक्ष द्यायला त्याला बोलवायला लागले, 'स्ट्रीट फायटर' गेमवाल्या कॅपकॉमने डेटा ईस्ट या दुसऱ्या गेम कंपनीवर केस टाकली होती ना, त्यातही हा तज्ज्ञ होता. १९९२ला तेच मासिक पुन्हा निघालं आणि १९९५ला पुन्हा बंद. शेवटी लास वेगासच्या विद्यापीठात गेम डिझाइन शिकवलं. २०११ला गेला, ६१ वर्षांचा. मोठा पैसा केला असं कुठे दिसत नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

तर एक कर. पोराला आवडत्या गेमवर लिहायला सांगू नकोस, ते कोणीही करेल. पैसे देऊन घेतलेला आणि फालतू निघालेला एक गेम निवडायला सांग, त्यावर ३०० शब्द मराठीत, का फालतू ते नीट सांगून, आणि 'भारी', 'बकवास' हे दोन शब्द न वापरता. मला पाठव. मी मवाळ न करता सांगतो जमलंय का ते.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुन्या

ता.क. दहावीच्या सुट्टीत माझ्याकडून नेलेली काँट्राची कॅसेट अजून तुझ्याकडेच आहे, विसरलो नाहीये.