खरजेच्या मलमासोबत एक पान द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

खरूज आणि उवा हा काय मंत्र्यांना पत्र लिहिण्याचा विषय आहे का, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना जे रोज डोळ्यांसमोर येतं, त्यातून हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या खरजेच्या आणि उवांच्या प्रत्येक औषधासोबत एक पान देणं सक्तीचं करा. वापरणाऱ्याच्या भाषेत आणि वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. किती लावायचं, किती तास ठेवायचं, परत कधी लावायचं आणि कोणी अजिबात लावायचं नाही, एवढं त्यावर असावं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत हे असावं : 'औषध लागू पडल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. खाज आहे म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा लावू नका.'

हे वाक्य कुठेच न सांगितल्यामुळे काय होतं, ते बघा. खरजेचा किडा कातडीच्या वरच्या थरात बारीक बीळ करून राहतो आणि तिथेच अंडी घालतो. खाज सुटते ती तो चावतो म्हणून नाही. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांना आपलं शरीर विरोध करतं, त्याची ती खाज असते. म्हणूनच पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. औषधाने किडे मरतात, पण मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीतच असते. वरचा थर झडून नवा येईपर्यंत खाज चालू राहते. हे ज्याला कोणी सांगितलेलं नाही, तो रात्री खाजवत उठतो आणि समजतो की औषध फुकट गेलं. ट्यूबमध्ये मलम उरलेलं असतं. तो पुन्हा लावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता कातडी औषधानेच चिडलेली असते. तिची खाज वेगळी, पण माणसाला ती जुनीच वाटते.

अशी लेकरं आमच्याकडे येतात. बोटांच्या बेचक्यांत खरजेचे फोड उरलेले नसतात. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी मात्र लाल, कोरडी आणि ताणून बसवल्यासारखी तुकतुकीत झालेली असते. घडीच्या जागी बारीक चिरा पडलेल्या असतात. आई पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवते. शेपटीकडून घट्ट गुंडाळत आणलेली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली. किती वेळा लावलं, असं विचारलं की म्हणते, "रोज रात्री, न चुकता." कोणी सांगितलं? "कोणी नाही सांगितलं, खाज थांबतच नव्हती ना ताई." तिने काळजी घेण्यात काही कमी केलेलं नसतं. डॉक्टर भिंगातून बघतात, नवं बीळ कुठेच दिसत नाही. मग उपाय असतो मलम बंद करण्याचा, साधं मऊपणा देणारं क्रीम लावण्याचा आणि गरज पडली तर खाज कमी करणाऱ्या गोळीचा. ही दुसरी फेरी त्या पोराच्या वाट्याला यायलाच नको होती.

हे झालं पर्मेथ्रिनचं, म्हणजे खरजेवरच्या या मलमातल्या औषधाचं, आणि ते या औषधांतलं त्यातल्या त्यात सौम्य. 5 टक्क्यांचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. लहान बाळांना आणि वृद्धांना डोक्यालाही लावावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सहसा देत नाहीत. काही जणांना लावल्यावर थोडा वेळ आग होते, चुरचुरतं, मुंग्या येतात. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. सांगितलेलं नसलं की अर्ध्या रात्रीत उठून धुऊन टाकतो, आणि मग किडे खरोखरच जगतात. बेंझिल बेंझोएट या खरजेवरच्या दुसऱ्या औषधाची आग याहून जास्त, खाजवून सोललेल्या कातडीवर तर विचारू नका. उवांसाठीच्या मॅलेथिऑन लोशनचा धोका निराळाच आहे. त्याच्या काही प्रकारांत अल्कोहोल इतकं असतं की ओले केस पेट घेऊ शकतात. विस्तव, सिगारेट आणि केस वाळवायचं यंत्र दूर ठेवावं लागतं, केस आपोआप वाळू द्यावे लागतात. ही गोष्ट बाटलीच्या मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर सोडून देण्याजोगी आहे का, हे आपणच ठरवा.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती खरजेवर आणि उवांवर लावायच्या लिंडेनची. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड हे त्याचं दुसरं नाव. हे मुळात शेतीतलं कीटकनाशक. कातडीतून ते रक्तात जातं आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचतं. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारी जी यंत्रणा असते, तिच्यात ते आडवं येतं. चक्कर, डोकेदुखी, अस्वस्थपणा आणि जास्त झालं तर फिट. कातडी सोललेली असेल, आधी तेल किंवा क्रीम लावलेलं असेल, गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावलं असेल, तर ते जास्त शोषलं जातं. खरजेच्या रुग्णाची कातडी खाजवून सोललेली असतेच, म्हणजे ज्याला हे औषध द्यायचं त्याच्याच अंगात ते जास्त शिरणार.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये लिंडेनवर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. वारंवार किंवा जास्त वेळ लावल्याने फिट येऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी होत्या. क्वचित सांगितल्याप्रमाणे एकदाच लावूनही गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी होत्या. तान्ही बाळं, मुलं, वृद्ध आणि 50 किलोपेक्षा कमी वजनाची माणसं यांच्याबाबत विशेष सावधगिरी सांगितली गेली. बाटलीचा आकार 30 आणि 60 मिलिलिटरवर आणला, म्हणजे घरात उरलेलं औषध पुन्हा लावायला हाताशी राहू नये. आणि प्रत्येक रुग्णाच्या हातात माहितीचं पान देणं सक्तीचं केलं. मी जे मागते आहे ते दुसरीकडे असं झालेलं आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर 2002 पासून औषध म्हणून लिंडेनची विक्रीच बंद केली. 2009 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने ते जगातून हद्दपार करायच्या रसायनांत घातलं. उवा-खरजेसाठी मात्र दुसऱ्या फळीचं औषध म्हणून तेवढी सूट ठेवली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात नोंदवलं.

अजून एक गोष्ट सांगते, कारण ती ऐकून मी सुन्न झाले होते. 1998 ते 2003 या काळात अमेरिकेत लिंडेन चुकून पोटात गेल्याच्या 870 घटना नोंदल्या गेल्या. काही ठिकाणी मोठ्या बाटलीतलं लोशन छोट्या बाटलीत भरून दिलं होतं आणि घरच्यांनी ते खोकल्याचं औषध समजून पाजलं. 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत नसले, तर एवढं होऊ शकतं. म्हणून पर्मेथ्रिनसारखं सुरक्षित औषध मिळत असताना लिंडेन पहिलं औषध म्हणून कोणालाही दिलं जाऊ नये, आणि सुटं भरून तर कधीच नाही, असा स्पष्ट आदेश आपण काढावा.

आपले अधिकारी म्हणतील, खोक्यात माहितीपत्रक असतंच. असतं. सात घड्या घातलेलं, डॉक्टरांसाठी लिहिलेलं, आणि बरेचदा ट्यूब हातात येईपर्यंत ते खोक्यासकट गेलेलं असतं. डॉक्टरांनी तोंडी सांगायला हवं, असंही कोणी म्हणेल. सांगतात, पण रांग मोठी असते. आणि खरजेचा रुग्ण प्रश्न विचारत नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. त्याला लाज वाटत असते. आपण अस्वच्छ आहोत असं लोक समजतील, म्हणून तो चिठ्ठी घेऊन खाली मान घालून निघतो. खरूज स्वच्छ घरातही होते, जवळच्या स्पर्शाने होते, हे त्याला कोण सांगणार? एक पान असेल तर ते घरी, दार लावून, दोनदा वाचता येतं.

लोकांना दुष्परिणाम सांगितले तर ते औषधच लावणार नाहीत, अशीही एक शंका असते. औषध लावलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. खरूज अंगावर काढली तर खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात आणि त्यातून पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घातलं ते उगीच नाही. पण 'थोडी आग होईल, ती थांबेल' हे ज्याला माहीत आहे तो औषध पूर्ण वेळ ठेवतो. माझा अनुभव तरी हाच आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मी लपवत नाही. पर्मेथ्रिनचा पूर्वीसारखा गुण येत नाही, अशी तक्रार अलीकडे बऱ्याच देशांतले त्वचारोगतज्ज्ञ करू लागले आहेत. शिवाय घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घेतला नाही, तर एकमेकांकडून पुन्हा लागण होतेच. म्हणजे राहिलेली खाज कधी निरुपद्रवी असते, तर कधी औषध हुकल्याची खूण असते. घरबसल्या हा फरक करणं रुग्णाला जमणार नाही. त्यामुळे पानावर पुढची पायरीही हवी : नवे फोड किंवा रेषा दिसल्या, किंवा चार आठवड्यांनंतरही खाज असली, तर पुन्हा दाखवायला या. डॉक्टर मग इव्हरमेक्टिनच्या गोळ्यांसारखा दुसरा मार्ग निवडतील. चिठ्ठीवर घरातल्या माणसांच्या हिशोबाने मलम लिहिलेलं असावं, हेही बघायला सांगा. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं. पाच जणांत एक ट्यूब वाटली की सगळेच अर्धवट राहतात.

दुष्परिणामांची नोंद हा तर विसरलेलाच विषय आहे. गोळीने अंगावर पित्त उठलं तर लोक सांगतात. मलमाने आग झाली तर 'मलमच आहे' म्हणून सोडून देतात, आणि आम्हीही कागदावर आणत नाही. परिचारिकेला आणि रुग्णाला स्वतः भरता येईल असा सोपा नोंदणी अर्ज त्या पानाच्या मागच्या बाजूला छापता येईल.

मसुदा आपल्या खात्यातले जाणकार लिहितीलच. छापण्याआधी मात्र तो बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत उभ्या असलेल्या दहा-बारा जणांच्या हातात द्या. वाचून झाल्यावर पान परत घ्या आणि एवढंच विचारा : मलम किती तास ठेवायचं, पुन्हा कधी लावायचं, आणि उद्या खाज राहिली तर काय करायचं? उत्तरं अडखळली तर मसुदा पुन्हा लिहायला घ्या. या कामासाठी आमच्या विभागातल्या परिचारिका सुट्टीच्या दिवशीही यायला तयार आहेत.

आपली नम्र,
त्वचारोग विभागातली एक परिचारिका