सुजाच्या निमित्ताने

नीलू,

किती महिने झाले गं बोलून. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच, आईची शुगर कंट्रोलमध्ये. लिहायचं कारण सुजा.

ॲक्सिडेंटनंतर ती अजून रिक्षात बसली की समोरचा दांडा घट्ट धरते, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की घामाने भिजते. डॉक्टरांनी ईएमडीआर सुचवलंय, तीच ती वाईट आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवायची थेरपी, आणि दादाने फोन करून मलाच विचारलं, बोटं हलवून कुणाचा ट्रॉमा जातो का, तू शिकलीस ना हे, सांग.

हॉस्टेलच्या गच्चीवर याच्यावरूनच आपला अबोला झाला होता! तू म्हणायचीस हे नुसतं एक्स्पोजर, म्हणजे भीतीला पुन्हापुन्हा सामोरं जाणं, वर डोळ्यांची फोडणी. म्हणून सगळे पेपर परत काढले. ही थेरपी काढणाऱ्या शापिरोचा पहिला 1989चा, जेमतेम 22 लोक आणि एका सेशनमध्ये फरक पडल्याचा दावा, त्यावर नंतर जी जुंपली ती तुला माहितीये. 2001मध्ये डेव्हिडसन-पार्करने 34 अभ्यास एकत्र केले तेव्हा तुझीच बाजू निघाली, डोळे हलवा नाहीतर नका हलवू. आणि 2013मध्ये ली-कायपर्सच्या मेटा-ॲनालिसिसने उलट सांगितलं, डोळ्यांचाही वाटा आहे म्हणून. पेढे तू द्यायचे की मी, ते भेटल्यावर ठरवू.

पण बघ, प्रश्नच बदललाय. आधी चालतं का यावर पेपर यायचे, आता का चालतं यावर. नेदरलँड्सवाले म्हणतात आठवण मनात धरून दुसरं काम केलं की वर्किंग मेमरीवर, म्हणजे त्या क्षणी डोक्यात धरून ठेवायच्या जागेवर, ताण येतो आणि आठवणीची धार जाते, नुसते आकडे उलटे मोजले तरी थोडंफार तसंच होतं. 2019मध्ये तर कोरियातल्या लोकांनी उंदरांवर प्रयोग करून नेचर जर्नलमध्ये छापलं.

मला काळजी वेगळीच आहे गं. कितीतरी ट्रायल्समध्ये तुलना नुसत्या वेटिंग लिस्टवर थांबलेल्यांशी, लोक थोडे, आणि काही ठिकाणी पेपर लिहिणारेच ट्रेनिंग देणारे. एपीएनेसुद्धा, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, 2017मध्ये याला सशर्तच शिफारस दिली, विचार आणि वागणं बदलायच्या सीबीटी थेरपीला ठाम. मग सुजाला सीबीटीकडे पाठवायचं का? पण तिथे सांगावं लागतं, गृहपाठ करावा लागतो, आणि ही त्या रात्रीबद्दल एक अक्षर बोलत नाही. डब्ल्यूएचओने 2013मध्ये ट्रॉमाच्या सीबीटीबरोबर ईएमडीआरचं नाव घेतलं तेव्हा हेच लिहिलं होतं, की यात सगळं तपशीलवार सांगायची सक्ती नाही आणि गृहपाठही नाही. मला सुजासाठी तेच महत्त्वाचं वाटतं, म्हणून दादाला हो म्हणून सांगितलंय.

फक्त एक बघायचंय, थेरपिस्ट आधीचे टप्पे नीट करतो ना, हिस्टरी, तयारी, सुरक्षित जागा, का पहिल्याच दिवशी बोटं हलवायला लागतो. आठातला चौथा टप्पा आहे तो, घाई केली तर हिचं सगळं उसळून वर येईल. तू हे रोज करतेस, तिच्याशी तूच बोल, माझं ऐकताना ती नुसती मान हलवते.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयला दहावीचं फार टेन्शन देऊ नकोस. सुजाची पहिली अपॉइंटमेंट मंगळवारी आहे, त्याच्या आधी तिला फोन कर, रात्री नऊनंतर, तेव्हा ती एकटी असते.

तुझी,
मेधा